कपड्यांना फळांचा वास असावा, पण सगळ्यांच्या

माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो आणि पालकसभेला आलेल्या सर्व आईवडिलांनो,

या महिन्याच्या भित्तिपत्रकाला गुरुजींनी 'माझे मत' असा विषय दिला आहे. कोणी झाडांवर लिहिले आहे, कोणी खेळाच्या तासावर. माझे मत कपड्यांवर आहे. मला असे वाटते की कपड्यांना खाण्याच्या पदार्थांचा आणि फळांचा वास असावा, आणि तो पुष्कळ दिवस टिकावा. हे वाचून काही जण हसतील. हसा, पण शेवटपर्यंत वाचा. मी नुसती गंमत म्हणून लिहिलेले नाही.

पहिल्यांदा मला कोणते वास हवेत ते सांगते. सोमवारच्या सदऱ्याला पिकलेल्या आंब्याचा वास असावा. मंगळवारी संत्र्याच्या सालीचा. बुधवारी केळ्याचा. गुरुवारी भाजलेल्या शेंगदाण्याचा, कारण आमच्या सोलापूर जिल्ह्याची शेंगाची चटणी सगळीकडे प्रसिद्ध आहे. शुक्रवारी गरम भाकरी तव्यावरून काढून चुलीपुढे फुगायला ठेवतात, तेव्हा येतो तो वास. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून लिंबाचा. लिंबाच्या वासाने झोप जाती. रविवारी पुरणपोळीचा. तो वास फक्त सणाला येतो आणि सणाची वाट बघायला लई दिवस लागतात.

मग मला दुसरी कल्पना सुचली. प्रत्येक जिल्ह्यातल्या शाळांच्या गणवेशाला तिथल्या फळाचा वास असावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या मुलांना हापूस, नागपूरच्या मुलांना संत्रे, जळगावला केळी, जालन्याला मोसंबी, पुण्याच्या पुरंदर तालुक्याला अंजीर, पालघर जिल्ह्यातल्या घोलवडला चिकू. गुरुजींनी सांगितले की या सगळ्या फळांना त्यांच्या गावाच्या किंवा भागाच्या नावाने मानांकन मिळाले आहे. कोकणच्या हापूसला ते २०१८ साली मिळाले. आमच्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ सालीच मिळाले. म्हणजे आपण हापूसच्या दोन वर्षे पुढे आहोत. पण अडचण अशी आहे की डाळिंबाला वास जवळजवळ नसतोच. आमच्या सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या एवढ्या बागा आहेत, पण नाक लावून हुंगले तरी डाळिंब काही बोलत नाही. म्हणून आपण शेंगाच्या चटणीवर समाधान मानू. कोणाला ती तिखट वाटत असेल तर त्याने दुसरे सुचवावे.

आता खरा प्रश्न असा की असे कपडे का नसतात? फळाचा वास कपड्याला लागला तरी टिकत का नाही? मी मे महिन्याच्या सुट्टीत याचा प्रयोग केला. आबांच्या जुन्या धोतराचे सात तुकडे आज्जीकडून मागून घेतले. सातही आधी धुऊन उन्हात वाळवले. मग एकेका तुकड्याला एकेक वस्तू चोळली आणि ओसरीच्या दोरीवर लांब लांब टांगले. एक तुकडा मात्र चुलीच्या वर वलणीवर ठेवला. रोज सकाळी आणि संध्याकाळी धाकट्या भावाचे डोळे फडक्याने बांधून त्याला हुंगायला लावायचे, असे ठरवले. मी स्वतः हुंगले नाही, कारण कोणता तुकडा कशाचा हे मला माहीत होते आणि माहीत असले की वास नसला तरी आल्यासारखा वाटतो. भावाला दर वेळी एक शेंगदाण्याचा लाडू कबूल केला होता, म्हणून त्याने तक्रार केली नाही.

प्रयोगात जे दिसले ते असे.

लिंबाची साल : सकाळी लावली, दुपारच्या जेवणापर्यंत वास गेला.
पिकलेला आंबा : संध्याकाळपर्यंत वास होता. दुसऱ्या दिवशी आंबूस झाला. मुंग्या आणि चिलटे आली.
केळे : तुकडा काळा पडला. वास संध्याकाळी गेला, डाग राहिला.
कोथिंबीर : घटकाभरात गेला.
मोगऱ्याचे फूल : रात्रभर राहिला, सकाळी नव्हता.
लसूण : तिसऱ्या दिवशीही भावाने बरोबर ओळखला.
चुलीचा धूर : आठ दिवस झाले तरी होता. शेवटी आईने तो तुकडा धुऊन टाकला.

म्हणजे जे वास आपल्याला हवेत ते लगेच निघून जातात, आणि जे नको असतात ते बसून राहतात. पाहुण्यांसारखेच आहे, असे आमची आज्जी म्हणाली.

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना याचे कारण विचारले. त्यांनी सांगितले ते मला समजले तसे लिहिते. वास म्हणजे त्या वस्तूतून उडालेले अगदी बारीक कण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण हवेतून आपल्या नाकात जातात आणि मग आपल्याला वास कळतो. लिंबाचे, आंब्याचे, कोथिंबिरीचे कण हलके असतात. ते चटकन उडतात, म्हणून तर वास लांबूनच येतो. पण जे चटकन उडते ते चटकन संपते. ऊन जास्त असले की आणखी लवकर उडते आणि माझा प्रयोग तर मे महिन्यात होता. धुराचे मात्र तेलकट कण असतात. ते कापडाच्या धाग्यांना चिकटून बसतात आणि थोडे थोडे सुटत राहतात. त्यामुळे धुराचा वास बरेच दिवस येतो. यात चांगला वास हरला आणि वाईट जिंकला असे काही नाही. एक उडणारा आहे आणि एक चिकटणारा आहे, एवढेच.

मग वास टिकवायचा कसा? याचीही युक्ती माणसाने काढलेली आहे. काही चित्रांच्या चिकटपट्ट्या असतात. त्यांवर नखाने खरवडले की स्ट्रॉबेरीचा वास येतो. त्यात वासाचे तेल फार म्हणजे फारच बारीक कुप्यांत भरलेले असते. या कुप्या पिठाच्या कणासारख्या दिसतात. खरवडले की काही कुप्या फुटतात आणि वास बाहेर येतो. बाकीच्या बंद राहतात, म्हणून वास पुष्कळ दिवस पुरतो. अशा कुप्या कापडातही बसवता येतात आणि तसे कापड तयार झालेले आहे. पण घालता घालता आणि धुता धुता कुप्या संपत जातात, म्हणून तो वासही कायमचा नसतो. शिवाय या कुप्या बऱ्याचदा प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या असतात आणि धुण्याच्या पाण्याबरोबर ओढ्यानदीला जातात. युरोपात २०२३ साली असल्या बारीक प्लास्टिकवर कायदा केला आणि वासाच्या कुप्या बनवणाऱ्यांना त्या बदलायला काही वर्षांची मुदत दिली. म्हणजे कुप्या करायच्याच तर पाण्यात विरघळून नाहीशा होणाऱ्या पदार्थाच्या करायला हव्यात.

आपल्याकडेही जुन्या युक्त्या आहेत. आमची आज्जी ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत बकुळीची सुकलेली फुले ठेवते. बकुळीचे फूल सुकले तरी वास सोडत नाही. कोणी वाळ्याची जुडी ठेवतात, कोणी केवड्याचे पान. आणि आंबेमोहोर तांदूळ पाहा. त्याला आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो. तो वास दाण्याच्या आत बसलेला असतो आणि भात शिजताना घरभर पसरतो. जे तांदळाला जमते ते कापसाला का जमू नये, असे मला वाटते. शास्त्रज्ञांनी याचा विचार करावा.

माझे मत मी घरी सांगितले तेव्हा बऱ्याच जणांनी विरोध केला. त्यांचे म्हणणेही लिहिते, कारण गुरुजी म्हणतात की मत मांडताना दुसऱ्याचे आधी ऐकावे.

आबा म्हणाले, "वासानं पोट भरत नाही. उलट भूक खवळती." हे खरे आहे. दुपारच्या खिचडीचा वास व्हरांड्यातून आत आला की गणिताच्या तासाला कोणाचे लक्ष राहत नाही. अंगातल्या सदऱ्यालाच पुरणपोळीचा वास असला तर दिवसभर तोंडाला पाणी सुटेल. आणि एखादा मुलगा सकाळी काही न खाता आला असेल तर त्याला त्रासच होईल. म्हणून मी पुरणपोळी आणि भाकरी माझ्या यादीतून काढायला तयार आहे. फळे तेवढी ठेवावीत.

आत्या म्हणाली, "केळ्याचा वास लावून बागेत जाशील तर मधमाश्या उठतील." मला वाटले ती भीती घालते. पण गुरुजींनी सांगितले की यात तथ्य आहे. मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना बोलावण्यासाठी एक वास सोडते आणि त्यातला मुख्य पदार्थ केळ्याच्या वासातही असतो. म्हणून बुधवारचे केळे मी रद्द केले. ज्यांच्या बागेत मोहोळ आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, ते डाळिंबाच्या बागेत फवारणीला जातात. त्यांचे म्हणणे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. ते म्हणाले, "काही वास आल्यालेच बरे असत्यात. औषधाचा वास कपड्याला आला तरच कळतं की हे कपडे वेगळे धुवायचे. त्याच्यावर आंब्याचा वास मारला तर तू तोच सदरा उशाला घेशील." हे अगदी खरे आहे. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम घाण वासाचा पदार्थ मिसळतात, तो गळती कळावी म्हणूनच. आंबलेले वरण, जळलेली वायर, औषध, गॅस हे सगळे वास आपले राखणदार आहेत. त्यांना झाकू नये. म्हणून कपड्याचा वास मंद असावा आणि कामाच्या कपड्यांना तो मुळीच नसावा. मी एवढे मान्य करते.

आता मी हे सगळे का मागते ते सांगते.

आपल्या वर्गातली काही मुले सकाळी मेंढरे सोडून मग शाळेला येतात. काहींच्या घरी चूल आहे, त्यात मीही आहे. आमचे कपडे वलणीवर असतात, त्यामुळे त्यांना धुराचा वास येतो. पावसाळ्यात घोंगडी भिजली की तिचा वास दप्तरालासुद्धा लागतो. उन्हाळ्यात पाणी कमी असते. तेव्हा पिण्याचे आधी, जनावरांचे नंतर आणि धुण्याचे सगळ्यात शेवटी. अशा वेळी काही जण नाकाला हात लावतात, बाक सरकवतात. मी कोणाचे नाव लिहीत नाही, कारण हे भित्तिपत्रक आहे, चहाडी नाही. पण एक मुलगी आता सगळ्यांच्या मागे दाराजवळ बसते. तिला कोणी उठवले नाही, ती आपणहून जाऊन बसली. तिथून फळ्यावरचे बारीक अक्षर तिला दिसत नाही. मागच्या महिन्यात भागाकाराची दोन गणिते तिने चुकीची उतरवून घेतली. गणित तिला येत होते, फळ्यावरचा आकडा दिसत नव्हता. म्हणजे नाक एकाने धरले आणि गुण दुसऱ्याचे गेले.

मला वाटते, सगळ्यांच्या गणवेशाला एकच वास असता तर कोण मेंढरांतून आले, कोण चुलीजवळून आले आणि कोणाच्या घरी धुण्याचे यंत्र आहे हे कोणाला कळलेच नसते. गणवेशाचा रंग सगळ्यांना एक का असतो? कोण श्रीमंत, कोण गरीब हे दिसू नये म्हणून. डोळ्यांसाठी आपण एवढी काळजी घेतली, मग नाकासाठी का घेऊ नये?

इथे मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. एखादा वास सारखा येत राहिला की थोड्याच वेळात आपल्या नाकाला त्याची सवय होते आणि तो कळेनासा होतो. म्हणून स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही, पाहुण्याला येतो. जो नाक धरतो त्याच्याही कपड्यांना वास असतोच. खोबरेल तेलाचा असेल, डांबरगोळ्यांचा असेल, कालच्या कांद्याच्या फोडणीचा असेल. त्याला तो कळत नाही एवढेच. त्याच्या शेजाऱ्याला कळतो, पण शेजारी काही बोलत नाही.

आणि मेंढरांच्या वासाला घाण म्हणणाऱ्यांना सांगते. मेंढीच्या लोकरीत एक तेलकट, मेणासारखा पदार्थ असतो. त्यामुळे लोकर पाणी चटकन आत घेत नाही आणि पावसात माणूस घोंगडी पांघरतो. तोच पदार्थ स्वच्छ करून मलमांत आणि तोंडाला लावायच्या क्रीममध्ये घालतात. म्हणजे ज्याला आपण वर्गात नाक मुरडतो तेच शहरात बाटलीत भरून विकतात. घामाचेही तसेच आहे. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो. तो अंगावर आणि कपड्यात राहिला की जंतूंमुळे वास तयार होतो. सुती कापडापेक्षा पॉलिस्टरच्या कापडात हा वास जास्त बसतो. म्हणून ज्याच्या सदऱ्याला घामाचा वास येतो तो मुलगा घाणेरडा असतो असे नाही. त्याचे कापड तसले असेल, नाहीतर त्याच्या घरी पाणी आले नसेल.

आता कोणी म्हणेल, मग वासाचे कपडे दुकानात येऊ देत, ज्याला पाहिजे तो घेईल. याला माझा ठाम विरोध आहे. असे कपडे महाग असणार. मग चार मुलांना आंब्याचा वास येईल आणि बाकीच्यांचा धूर आणखीच उठून दिसेल. आज नाक धरणारे थोडे आहेत, उद्या वाढतील. म्हणून माझे मत असे आहे की वासाचा गणवेश द्यायचा तर सगळ्यांना द्यावा, नाहीतर कोणालाच नको.

असा गणवेश कधी होईल ते मला माहीत नाही. तोपर्यंत काय करता येईल ते लिहिते. यातले काहीच महाग नाही.

एक, शनिवारी शाळा लवकर सुटते. त्या दिवशी ज्यांच्या घरी पाणी नाही त्यांना शाळेच्या टाकीवर गणवेश धुऊ द्यावा. प्रत्येकाला दोन बादल्या पुरतात. ते पाणी मैदानाकडेच्या बदामाच्या झाडाला जाईल असा पाट काढावा. परसबागेतल्या भाजीकडे मात्र साबणाचे पाणी जाऊ देऊ नये. मी पहिल्या शनिवारी पाट काढायला खोरे घेऊन येते. आणखी चार जण हवेत.

दोन, पालकांनो, गणवेश चुलीवरच्या वलणीवर ठेवू नका. बाहेर दोरीवर उन्हात टाका आणि वाळला की घडी करून पिशवीत बांधून ठेवा. उन्हात वाळलेल्या कापडाला स्वतःचाच एक चांगला वास असतो आणि तो फुकट आहे. ही माझी आईलाही विनंती आहे.

तीन, पुढच्या वर्षी गणवेशाचे कापड ठरेल तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने सुती किंवा जास्त सूत असलेले कापड मागावे.

चार, बसायच्या जागा दर सोमवारी बदलाव्यात. एक रांग पुढे, एक रांग मागे. म्हणजे दाराजवळ कोणी कायमचे बसणार नाही आणि फळा सगळ्यांना दिसेल.

पाच, नाकाला हात लावायचा नाही. शिंक आली तर रुमाल लावावा. रुमालाला लिंबाची साल चोळली तर दुपारपर्यंत वास राहतो, हे प्रयोगाने सिद्ध झालेले आहे.

आमच्या आबांनी हे सगळे वाचून घेतले आणि म्हणाले, "पोरी, तुला आंब्याचा सदरा पायजे का मागं बसलेल्या पोरीला पुढं आणायचंय?" मी म्हणाले, दोन्ही. पण आधी तिला पुढे आणायचे आहे. आंब्याचा सदरा शास्त्रज्ञांना जमायला वेळ लागेल. जागा बदलायला एक सोमवार लागतो.

तुमचे मत वेगळे असेल तर जरूर कळवा. या लेखाच्या खाली मी एक कोरा कागद चिकटवला आहे आणि दोऱ्याला पेन्सिल बांधली आहे. तुमच्या जिल्ह्याला कोणता वास असावा तेही लिहा. पालकांनीही लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही मुले लिहून घेऊ. पेन्सिल मात्र कोणी नेऊ नये.

आपली,
एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी